मनोऱ्यातला आवाज आणि धावपट्टीवरची घाई

(भांडुप येथे कामगार व विद्यार्थ्यांच्या सभेपुढे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



भांडुपच्या सभेत विमानवाहतुकीच्या सुरक्षिततेचा विषय काढला, तर काहींना तो अस्थानी वाटेल. या वस्तीचे आयुष्य लोकलच्या वेळापत्रकावर आणि लालबहादूर शास्त्री मार्गावरील कारखान्यांच्या पाळ्यांवर गेले. विमानाचे तिकीट ही येथील बहुसंख्य घरांत अजूनही अपूर्वाईची गोष्ट आहे. परंतु भांडुपपासून तिसरे स्थानक घाटकोपर. आणि त्या घाटकोपरच्या टेकडीवर १२ जुलै १९४९ रोजी भर पावसाळी ढगांत डच कंपनी केएलएमचे एक प्रवासी विमान आदळले आणि त्यातील ४५ च्या ४५ माणसे मृत्युमुखी पडली, हे फार थोड्यांच्या स्मरणात असेल. इंडोनेशियाचा दौरा आटोपून परतणारा अमेरिकी पत्रकारांचा एक गट त्यात होता. तात्पर्य, आकाशातील चुकीचा हिशेब अखेर जमिनीवरच होतो आणि ती जमीन पुष्कळदा कष्टकऱ्यांच्या वस्तीची असते. तेव्हा हा विषय केवळ विमानाने प्रवास करणाऱ्यांचा नाही.

या विषयाचा गाभा मात्र यंत्र हा नसून संवाद हा आहे. विमान उडते ते इंजिनाच्या बळावर. पण शेकडो विमाने एकाच आकाशातून एकमेकांना न भिडता जातात, ती दोन माणसांच्या बोलण्याच्या बळावर. मनोऱ्यातील किंवा रडारच्या पडद्यापुढील नियंत्रक सूचना देतो. वैमानिक ती सूचना शब्दशः परत म्हणून दाखवतो. आणि वैमानिकाने ती बरोबर म्हटली की नाही, हे नियंत्रक पुन्हा कान देऊन ऐकतो. सांगणे, परत म्हणणे आणि परत म्हटलेले तपासणे, अशा तीन कड्यांची ही साखळी आहे. रेल्वेत काम केलेल्यांना ही रीत नवीन वाटणार नाही. स्टेशनमास्तर आणि फाटकवाला यांच्यात ‘प्रायव्हेट नंबर’ची देवाणघेवाण होते, तिचे मर्म हेच. फाटक बंद झाले एवढे तोंडी ऐकून गाडी सोडली जात नाही. बंद झाल्याची खूण म्हणून आकडा सांगावा लागतो आणि तो लिहून ठेवावा लागतो. मानवी स्मृती आणि मानवी कान चुकू शकतात, हे गृहीत धरूनच ही रीत घडली आहे. चूक होणारच नाही असे मानणारी व्यवस्था भाबडी; चूक होईल, पण ती वेळेत सापडेल अशी तजवीज करणारी व्यवस्था शहाणी.

ही साखळी तुटते कशी, याची उदाहरणे मुंबईच्या इतिहासातच आहेत. ७ जुलै १९६२ च्या रात्री बँकॉकहून मुंबईकडे येणारे अलितालिया कंपनीचे विमान जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळले आणि त्यातील सर्व ९४ माणसे ठार झाली. विमान मुंबईच्या बरेच जवळ पोहोचले आहे, अशी वैमानिकांची समजूत होती. प्रत्यक्षात ते सुमारे ८४ किलोमीटर दूर, सह्याद्रीच्या माथ्यावर होते. या चुकीच्या समजुतीपोटी ते वेळेआधीच खाली उतरू लागले. जेथे विमान रडारवर दिसत नाही, तेथे नियंत्रकाला विमानाचे स्थान कळण्याचा मार्ग एकच असतो, आणि तो म्हणजे वैमानिकाचे सांगणे. सांगणाराच भ्रमात असेल, तर ऐकणाराही त्या भ्रमाचा भागीदार होतो. दोघांचे शब्द जुळतात, पण त्या शब्दांमागचा नकाशा जुळत नाही.

पुढे दहा वर्षांनी, २४ सप्टेंबर १९७२ रोजी, जपान एअर लाइन्सचे डीसी-८ जातीचे विमान सांताक्रूझऐवजी जुहूच्या लहानशा धावपट्टीवर उतरले. एवढ्या मोठ्या विमानाला ती धावपट्टी पुरणे शक्यच नव्हते. ते तिच्या टोकापलीकडे गेले आणि कायमचे निकामी झाले. प्राणहानी टळली. त्याआधी १९५३ साली एका ब्रिटिश कॉमेट विमानानेही हीच चूक केली होती. म्हणजे दोन धावपट्ट्या शेजारी शेजारी असल्या की ही चूक होऊ शकते, हे एकोणीस वर्षे ठाऊक होते. एकदा घडते त्याला अपघात म्हणता येईल. तेच पुन्हा घडले, तर तिथे व्यवस्थेचे काहीतरी शिकायचे राहून गेले, असेच म्हणावे लागते.

भाषेचा प्रश्न याहून नाजूक आहे. २७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांतील टेनेरिफच्या विमानतळावर, दाट धुक्यात, दोन जंबो विमानांची धावपट्टीवरच टक्कर होऊन ५८३ माणसे मेली. विमानवाहतुकीच्या इतिहासात एका अपघातात इतके मृत्यू दुसऱ्यांदा झालेले नाहीत. केएलएमच्या विमानातून आलेल्या वाक्याचा अर्थ ‘उड्डाणाच्या जागी उभे आहोत’ असाही होत होता आणि ‘उड्डाण करीत आहोत’ असाही. नियंत्रकाने पहिला अर्थ घेतला. वैमानिक दुसऱ्या अर्थाने विमान पळवीत होता. नियंत्रकाने थांबण्यास सांगितले, नेमक्या त्याच क्षणी दुसऱ्या विमानानेही आपण अजून धावपट्टीवरच असल्याचे कळवले. एकाच लहरीवर दोन आवाज आले आणि दोन्ही संदेश एका किंकाळीसारख्या आवाजात बुडाले. त्या अपघातानंतर नियम झाला, की ‘टेक-ऑफ’ हा शब्द उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा. अन्य वेळी दुसरा शब्द वापरायचा. ५८३ प्रेतांच्या किमतीत मानवजातीने एका शब्दाची शिस्त विकत घेतली.

टेनेरिफच्या कहाणीत आणखी एक तपशील आहे, आणि कामगारांच्या सभेत तो आवर्जून सांगण्याजोगा आहे. केएलएमच्या विमानातील फ्लाइट इंजिनिअरला शंका आली होती. समोरचे विमान धावपट्टीवरून बाजूला झालेले नाही की काय, असे त्याने विचारले. कप्तान हा त्या कंपनीतील सर्वांत ज्येष्ठ, सर्वांत मान्यवर वैमानिकांपैकी एक. त्याने ठामपणे शंका उडवून लावली आणि कनिष्ठ गप्प बसला. ही शांतता ध्वनिमुद्रणात ऐकू येत नाही. तरी त्या अपघाताच्या कारणांत तिलाही स्थान आहे. जिथे वरिष्ठाला प्रश्न विचारणे म्हणजे उद्धटपणा मानला जातो, तिथे साहेबाची चूक सर्वांना दिसते आणि कोणीच बोलत नाही. पुढे वैमानिकांच्या प्रशिक्षणात कनिष्ठाने शंका बोलून दाखवण्याचे आणि वरिष्ठाने ती ऐकण्याचे धडे आले. कारखान्यात काम केलेल्यांना या धड्याची गरज वेगळी पटवून द्यावी लागत नाही.

२५ जानेवारी १९९० रोजी न्यू यॉर्कजवळ कोलंबियाचे एक विमान इंधन संपून कोसळले आणि ७३ माणसे गेली. खराब हवामानामुळे त्याला एक तासाहून अधिक काळ आकाशात घिरट्या घालत ठेवले होते. इंधन संपत आल्याचे सहवैमानिकाने सांगितले; परंतु ज्या एका विहित शब्दाने नियंत्रकाची सारी यंत्रणा जागी होते, तो ‘इमर्जन्सी’ हा शब्द त्याच्या तोंडून आला नाही. इंग्रजी ज्याची मायबोली नाही, त्याने अडचण आपल्या परीने सांगितली. इंग्रजी ज्याची मायबोली होती, त्याने ती नेहमीच्या तक्रारींपैकी एक म्हणून ऐकली. कोर्टकचेरीत किंवा सरकारी रुग्णालयात, आपले दुखणे ‘योग्य’ शब्दांत मांडता न आल्याने माघारी आलेल्या माणसाला ही गोष्ट ओळखीची वाटेल.

आपल्या देशातील सर्वांत भीषण उदाहरण चरखी दादरीचे. १२ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळी दिल्लीहून निघालेले सौदी अरेबियाचे जंबो विमान आणि दिल्लीकडे येणारे कझाकस्तानचे विमान हरियाणातील या गावावर आकाशात एकमेकांवर आदळले. ३४९ माणसे ठार झाली. सौदी विमानाला १४ हजार फुटांवर राहण्याची आणि कझाक विमानाला १५ हजार फुटांवर राहण्याची सूचना होती. समोरून विमान येत असल्याची कल्पनाही नियंत्रकाने दिली होती. न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशीत दोष कझाक विमानावर आला. ते नेमून दिलेल्या उंचीच्या खाली उतरले होते. नियंत्रकाशी बोलणाऱ्या रेडिओ चालकासमोर उंची दाखवणारे स्वतंत्र उपकरण नव्हते, आणि इंग्रजीवरील प्रभुत्व अपुरे होते. बोलणारा एक, विमान चालवणारे दुसरे, आणि दोघांच्या मध्ये भाषांतर, अशी ती रचना होती.

येथे चर्चा थांबवली, तर परक्या देशाच्या वैमानिकाला दोष देऊन मोकळे होता येते. पण प्रश्न पुढे आहे. त्या वेळी दिल्लीच्या रडारवर विमानाचे अंतर व दिशा दिसत असे, उंची दिसत नसे. उंची दाखवणारे दुय्यम रडार मिळवण्याची प्रक्रिया रेंगाळलेली होती. येणाऱ्या आणि जाणाऱ्या विमानांना एकच अरुंद मार्ग होता, कारण आसपासचे आकाश वायुदलाकडे होते. म्हणजे ३४९ प्राण एका तोंडी सूचनेवर टांगलेले होते आणि ती पाळली गेली की नाही हे पाहण्याचे साधन सूचना देणाऱ्याकडे नव्हते. अपघातानंतर येण्याचे आणि जाण्याचे मार्ग वेगळे झाले, टक्कर टाळणारे उपकरण विमानांना सक्तीचे झाले. हे सारे आधी करता आले नसते काय? अर्थशास्त्रात ‘खर्च’ म्हणून नोंदवला जातो तो रडारचा पैसा. रडार न घेतल्याचा खर्च कोणत्याच ताळेबंदात दिसत नाही, तो चरखी दादरीच्या शेतांत सापडतो.

महाराष्ट्रातील औरंगाबादचे उदाहरण याहून साधे आणि म्हणूनच अधिक बोचरे आहे. २६ एप्रिल १९९३ रोजी इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ धावपट्टीवरून उडता उडता, टोकापलीकडील बीड रस्त्यावरून जाणाऱ्या कापसाच्या गाठींच्या ट्रकला धडकले, पुढे विजेच्या तारांना अडकून कोसळले. ११८ पैकी ५५ माणसे मेली. चौकशीत वैमानिकांनी विमान उचलण्यास उशीर केल्याचे निघाले. त्याबरोबरच उड्डाणाच्या वेळी त्या रस्त्यावरील वाहतूक न रोखल्याचा दोष तेव्हाच्या राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणावर ठेवण्यात आला. ज्या देशात दर फाटकावर आकडा सांगून गाडी सोडण्याची शिस्त शंभर वर्षे मुरलेली आहे, त्या देशात धावपट्टीच्या टोकाचा रस्ता विमानाच्या वेळी अडवणे अशक्य कोटीतील नव्हते. आणि येथे हेही मान्य केले पाहिजे, की त्या विमानाची कंपनी सरकारी होती, विमानतळ सरकारी होता. सार्वजनिक मालकी आपोआप सुरक्षितता देते, असे समजणे ही आत्मवंचना ठरेल. सार्वजनिक मालकीमुळे जाब विचारण्याचा अधिकार मिळतो. तो वापरणे हे लोकांचे काम आहे.

आता मुंबईच्या आजच्या स्थितीकडे वळू या. मुंबई विमानतळाला दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात; त्यामुळे व्यवहारात एका वेळी एकीवरच भिस्त असते. गर्दीच्या वेळी या विमानतळावर तासाला ४६ विमानांची ये-जा होत असे. गणित सोपे आहे : सरासरी ७८ सेकंदांना एक विमान. या ७८ सेकंदांत एक विमान उतरवायचे, त्याला बाजूला घ्यायचे, दुसऱ्याला सोडायचे, तिसऱ्याला बोलावायचे, आणि प्रत्येकाचे परत म्हणणे तपासायचे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने गर्दीच्या तासांतील ही संख्या ४४ वर आणण्याचा आदेश दिला. त्याने प्रत्येक विमानामागे साडेतीन सेकंदांची उसंत वाढली. त्यानंतर चार महिन्यांनी, ८ जून २०२४ रोजी, एक विमान उड्डाणासाठी धावत असतानाच त्याच धावपट्टीवर मागून दुसरे विमान उतरले. ते चित्रफितीत सर्व देशाने पाहिले. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. पहिली कारवाई कोणती झाली? संबंधित नियंत्रकाला कामावरून दूर ठेवण्यात आले.

चौकशी होईपर्यंत एखाद्याला कामावरून दूर ठेवणे गैर नाही. वैयक्तिक जबाबदारी नाकारणारी भूमिका कामगार चळवळीलाही शोभणारी नाही. परंतु एका माणसाला दूर करून ७८ सेकंदांचे गणित दूर होत नाही. मुंबईचा विमानतळ २००६ साली खाजगी कंपनीच्या हाती गेला आणि २०२१ मध्ये त्याचे नियंत्रण अदानी समूहाकडे आले. हवाई वाहतूक नियंत्रण मात्र सार्वजनिक क्षेत्रातील भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडेच राहिले. विमानांची संख्या वाढली की नफा एकाकडे जातो आणि मनोऱ्यातील ताण दुसऱ्याच्या वाट्याला येतो. लाभ आणि भार यांची अशी फारकत झाली की भार नेहमी वाढतो, कारण वाढवणाऱ्याला त्याची झळ लागत नाही. कापड गिरणीत एका विणकराकडे दोनाचे चार माग सोपवले गेले, तेव्हाही हाच तर्क होता. फरक एवढाच, की मागावर धागा तुटत असे.

याबाबतीत युरोपातील दोन अपघात बोलके आहेत. १० सप्टेंबर १९७६ रोजी युगोस्लाव्हियातील झाग्रेबजवळ दोन विमाने आकाशात आदळून १७६ माणसे मेली. नियंत्रण कक्षात माणसे अपुरी होती. एका तरुण नियंत्रकावर काही काळ दोघांचे काम पडले होते. न्यायालयाने त्या एकट्याला सात वर्षांची शिक्षा दिली. जगभरच्या नियंत्रकांनी आवाज उठवला आणि पुढे त्याची लवकर सुटका झाली. त्यानंतर २६ वर्षांनी, १ जुलै २००२ च्या रात्री, जर्मनीतील युबरलिंगेनवर पुन्हा तेच घडले. ७१ माणसे गेली. त्यांत शाळकरी मुलेच अधिक होती. नियंत्रण स्विस कंपनीकडे होते. दोन जागांवरचे काम एकच नियंत्रक पाहत होता, सहकारी विश्रांतीसाठी गेला होता आणि ही पद्धत व्यवस्थापनाने चालवून घेतलेली होती. मुख्य टेलिफोन यंत्रणा दुरुस्तीसाठी बंद होती. धोका दिसलेल्या शेजारच्या केंद्राला त्याच्याशी बोलताच आले नाही. विमानातील उपकरण एका वैमानिकाला ‘वर जा’ म्हणत होते, तर नियंत्रक ‘खाली या’ म्हणत होता. या वेळी मात्र न्यायालयाने २००७ मध्ये कंपनीच्या व्यवस्थापकीय कर्मचाऱ्यांना दोषी ठरवले. एका नियंत्रकावरून व्यवस्थापनापर्यंत दोषाचे बोट पोहोचण्यास सुमारे तीस वर्षांचा इतिहास लागला. दरम्यान, एका दुःखाने वेड्या झालेल्या पित्याने २००४ मध्ये त्या नियंत्रकाची हत्या केली होती. व्यवस्थेचा दोष जेव्हा एका चेहऱ्यावर चिकटवला जातो, तेव्हा त्याचा शेवट असाही होतो.

अमेरिकेत ३ ऑगस्ट १९८१ रोजी नियंत्रकांनी संप पुकारला. कामाचे तास आणि ताण हाही त्यांच्या मागण्यांचा भाग होता. अध्यक्ष रेगन यांनी अकरा हजारांहून अधिक नियंत्रकांना एका फटक्यात बडतर्फ केले. नियंत्रक घडायला वर्षे लागतात, बडतर्फीला एक सही पुरते. त्या घटनेने तेथील कामगार चळवळीचा कणा मोडला, हे सर्वज्ञात आहे. धोक्याची सूचना देणाऱ्यालाच शिक्षा होते, हा जो संदेश गेला, तो सुरक्षिततेच्या दृष्टीने अधिक घातक होता.

दिल्लीत नोव्हेंबर २०२५ मध्ये उड्डाणांचे संदेश वाहून नेणारी स्वयंचलित यंत्रणा बंद पडली आणि आठशेहून अधिक उड्डाणांना उशीर झाला. प्रवाशांनी त्रागा केला, तो समजण्याजोगा आहे. परंतु त्या दिवसांची दुसरी बाजू अशी, की यंत्र थांबल्यावर नियंत्रकांनी ती माहिती हाताने भरून वाहतूक चालवली. काम संथ झाले, पण अपघात झाला नाही. घाई सोडण्याची मुभा मिळाली की माणूस सुरक्षितता सांभाळतो, याचा हा पुरावा. उशीर ही त्या सुरक्षिततेची रास्त किंमत होती.

डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरून प्रवासी उड्डाणे सुरू झाली आहेत. सांताक्रूझ, जुहू आणि नवी मुंबई अशी तीन ठिकाणे आता एकाच आकाशाची वाटेकरी आहेत. १९५३ आणि १९७२ च्या चुकांचा धडा येथे विसरून चालणार नाही. विमानतळांच्या उद्घाटनाला मंत्री येतात, फिती कापल्या जातात. नियंत्रकांच्या किती जागा भरल्या, सलग किती तास काम घेतले, किती वेळा धोका थोडक्यात टळला आणि त्याचे पुढे काय झाले, हे आकडे मात्र कोणी जाहीर सभेत वाचून दाखवत नाही. ते दर वर्षी संसदेपुढे आणि वर्तमानपत्रांतून लोकांपुढे ठेवले जावेत. धोक्याची नोंद करणाऱ्या नियंत्रकाला किंवा वैमानिकाला त्या नोंदीबद्दल शिक्षा होऊ नये. विमानतळाची तासाची क्षमता ठरवताना, ती क्षमता प्रत्यक्ष पेलणाऱ्या नियंत्रकांच्या संघटनेला बोलण्याचा हक्क असावा. या मागण्या क्रांतिकारक नाहीत. झाग्रेब, चरखी दादरी आणि औरंगाबाद यांच्यानंतर तर त्या अगदीच किमान आहेत.

नियंत्रकाच्या शब्दकोशातील सर्वांत मोलाचा शब्द कोणता, असे विचारले तर ‘पुन्हा सांगा’ हाच म्हणावा लागेल. हा शब्द उच्चारायला पाच सेकंद लागतात. ती पाच सेकंदे ज्याच्याजवळ नाहीत, तो न समजलेले समजले असे मानून पुढे जातो. ज्याला वरिष्ठाची भीती आहे, तोही तसेच करतो. ‘पुन्हा सांगा’ म्हणण्याइतका वेळ आणि तसे म्हणण्याइतके अभय, हे दोन्ही प्रत्येक काम करणाऱ्या माणसाला मिळवून देणे, मग तो मनोऱ्यात असो, रेल्वेच्या केबिनमध्ये असो वा यंत्रापुढे असो, हे राजकारणाचे काम आहे. घाटकोपरच्या टेकडीवरचा तो पाऊस भांडुपलाही पडतो, एवढे ध्यानात ठेवले तरी या विषयाचे परकेपण उरणार नाही.